जखम भरली, पण आठवण कोणी दिली?

नागपुरातल्या मानेवाड्याच्या एका मुलीचा प्रश्न आहे. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. इंग्रजीतल्या 'यंग ॲडल्ट' म्हणजे कुमारवयीन वाचकांसाठीच्या कादंबऱ्या, फँटसीही आणि आजच्या जगातल्याही, चार वर्षं सपाटून वाचते आहे, आणि आता त्यांच्यावर मराठीत लिहायचं म्हणते. पहिलं परीक्षण सोबत जोडलंय. विचारते: "ताई, पुस्तक आवडलं की नाही एवढंच मला सांगता येतं. का, ते सांगताच येत नाही. वाचायचं कसं आणि लिहायचं कसं? बाबा म्हणतात हा सगळा टाइमपास आहे, त्यांना काय सांगू?"

बाबांचा मुद्दा आधी उरकते. टाइमपास आहेच. माझे वडील इतवारीत किराण्याच्या गादीवर बसून रहस्यकथा वाचायचे आणि गिऱ्हाईक आलं की पुस्तक गुळाच्या ढेपेमागे सरकवायचे. त्यांना कोणी कारण विचारलं नाही. तूही वाद घालू नकोस, परीक्षण नीट झालं की त्यांनाच पहिलं वाचायला दे.

आता तुझं परीक्षण. पुस्तकाचं नाव मी मुद्दाम घेत नाही. सोळा वर्षांच्या मुलीच्या हातात जखम भरून काढायची शक्ती आहे, पण दर जखमेमागे तिची एक आठवण कायमची जाते, अशी गोष्ट. तू लिहिलंयस: "लेखिकेने अतिशय ओघवत्या भाषेत जादूचं अनोखं विश्व उभं केलं आहे. कथानक वाचकाला शेवटपर्यंत खिळवून ठेवतं. नायिकेचा संघर्ष मनाला भिडतो." मग दीड पान गोष्ट, आणि शेवटी साडेचार तारे.

या तीन वाक्यांत खोटं काही नाही. पण ती उचलून दुसऱ्या कुठल्याही पुस्तकाच्या परीक्षणात चिकटवली तर कोणाला पत्ता लागणार नाही. मराठी परीक्षणवाल्यांचं हे एक जुनं दुकानच आहे: ओघवती भाषा, बोलकं मुखपृष्ठ, मनाचा ठाव, अंतर्मुख करणारं, संग्रही ठेवावं असं. मीही पहिली काही वर्षं तिथूनच उधारीवर माल आणला. मग एका रविवार पुरवणीच्या संपादकांनी माझ्या लेखातली 'ओघवती' चार ठिकाणी लाल पेनाने गोल करून परत पाठवली. समासात लिहिलं होतं: "नदी आहे का?"

वाचायचं कसं, याचं माझ्याकडचं उत्तर वडिलांच्या दुकानातूनच आलंय. ते रोज रात्री रोजमेळ लिहायचे, एका बाजूला जमा, दुसऱ्या बाजूला खर्च. मी शंभर पानी वही तशीच आखते. डावीकडे लिहायचं, पात्राला काय मिळालं. उजवीकडे, त्यासाठी कोणी काय मोजलं. शेजारी पान नंबर. पहिल्या वाचनात वही उघडायची नाही. झोप उडवणारं पुस्तक असेल तर झोप उडू द्यावी, तीही एक नोंदच आहे. दुसऱ्यांदा वाचताना मात्र वही मांडीवर.

तुझं पुस्तक मी असंच वाचलं. चाळिसाव्या पानाच्या आसपास नियम कळतो. पहिली जखम कुत्र्याची. त्यात जाते पोहायला शिकल्याची आठवण, आणि ते आपल्याला कळतं साठ पानांनंतर, ती बेधडक नदीत उतरते तेव्हा. दुसरी जखम भावाची. त्यात जातं आईचं नाव. शेजारीण कुंपणापलीकडून आईला नावाने हाक मारते आणि ही मागे वळून बघते, कोणाला बोलावतायत म्हणून. दोन ओळींचा प्रसंग आहे. लेखिका त्यावर एक शब्दही जास्त बोलत नाही. मी पुस्तक मिटून पाणी प्यायला उठले.

पुढे माझ्या वहीची उजवी बाजू ओस पडत गेली. शेवटापर्यंत डावीकडे नऊ जखमा, उजवीकडे चार आठवणी. मग ती अख्खं गाव बरं करते, आणि पुढच्याच प्रकरणात तिला सगळं लख्ख आठवतंय: आजीचं सूप, मैत्रिणीचे फालतू विनोद, त्या मुलाच्या डोळ्यांचा रंग तर आठवतोच आठवतो. लेखिकेने उधारी बुडवली! तुलाही ते कुठेतरी जाणवलं असणार, नाहीतर साडेचार का, पाच का नाहीत? तो अर्धा तारा कुठे गेला हे सांगणं म्हणजेच परीक्षण. मी असं लिहीन:

"या जगात जखम भरायची तर आठवण द्यावी लागते. पहिली शंभर-सव्वाशे पानं लेखिका हा हिशेब चोख ठेवते. शेजारणीने आईला हाक मारली आणि नायिकेला ते नाव परकं वाटलं, तो प्रसंग मी विसरणार नाही. गाव वाचवायची वेळ आल्यावर मात्र हिशेबाची वही गायब होते. फुकटात मिळालेल्या त्या विजयाचा आनंद मला झाला नाही."

हे कौतुकही आहे आणि तक्रारही, आणि दुसऱ्या पुस्तकाला चिकटवता येणार नाही.

फँटसीत हा हिशेब उघडावाघडा असतो, म्हणून शिकायला फँटसी बरी. उर्सुला ले ग्विन यांची १९६८ सालची 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' घे. गेड नावाचा पोरगा फुशारकीपायी मेलेल्या माणसाला बोलावतो आणि त्या फटीतून एक काळी सावली जगात शिरते. ती फट बुजवता बुजवता त्याच्या जादूच्या शाळेतल्या मुख्य जादूगाराचा जीव जातो. गेडच्या चेहऱ्यावर व्रण राहतात ते राहतातच. उरलेलं सगळं पुस्तक त्या एका रात्रीची फेड आहे. पन्नासहून जास्त वर्षं ते टिकलंय, त्यामागे हेही एक कारण आहे असं मला वाटतं.

किंमत म्हणजे दर वेळी मरणच असं नाही हं. हे मला त्रिमूर्तीनगरच्या माझ्या वाचनालयात येणाऱ्या एका मुलाने शिकवलं. रविवारी सकाळी आठवी ते बारावीची दहा-बारा पोरं जमतात. त्या वेळी एक वाळवंटातली फँटसी वाचायला घेतली होती आणि तिच्यावर मी आधीच छापून मोकळी झाले होते: "वाळवंटाचं वर्णन जिवंत". हुडकेश्वरहून सायकलने येणारा नववीतला एक पोरगा बराच वेळ पानं मागे-पुढे करत होता. मग म्हणाला, "ताई, तीन दिवस झाले. हे पाणी कुठून पिऊन राहिले?" आम्ही मोजलं. तिघांत एक चामड्याची पिशवी, तीही दुसऱ्या दिवशी फाटलेली. तो पुढे म्हणाला, "आन् भर दुपारी बारा वाजता चालून राहिले. डोक्याले दुपट्टा तरी बांध म्हणा!" मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत क्लासला जाणाऱ्या पोराला वाळवंटाच्या थापा कशा चालतील? लेखक परदेशात एसीत बसलेला, मी इथे कूलरसमोर बसलेली, दोघांनाही तहान लागली नव्हती. तेव्हापासून वहीच्या शेवटच्या पानावर मी तीन गोष्टींची वेगळी नोंद ठेवते: पात्रं पाणी कधी प्याली, जेवली कधी, झोपली कधी. थोरामोठ्यांची पुस्तकं या तीन रकान्यांत आडवी झालेली मी पाहिली आहेत.

आता दुसरा प्रकार, आजच्या जगातल्या कादंबऱ्या. मुळात 'यंग ॲडल्ट' हा काही कथाप्रकार नाही, तो वयोगट आहे. अमेरिकेतल्या ग्रंथपालांच्या संघटनेने १९५७ साली या वाचकांसाठी वेगळा विभाग काढला. तिथे बारा ते अठरा असं वय धरतात. १९६७ मध्ये एस. ई. हिंटन यांची 'द आउटसायडर्स' आली, तेव्हा लेखिका स्वतःच अठरा वर्षांची होती. तिच्यात जादूबिदू काही नाही. श्रीमंत पोरांची टोळी, गरीब पोरांची टोळी, मारामाऱ्या, आणि कोणाला काय परवडतं याचं सतत भान. म्हणजे रोजमेळ इथेही आहेच. फक्त मोजायचं चलन वेगळं: पैसा, जागा, वेळ, अब्रू.

पैशाकडे आधी बघ. तिसाव्या पानावर वडिलांची नोकरी जाते आणि नव्वदाव्या पानावर मुलगा मित्रांना पिझ्झा खिलवतोय, मोबाइलची फुटलेली काच बदलून आणतोय, असं एक पुस्तक गेल्या वर्षी वाचलं. कोणी दिले पैसे? लेखक विसरला, म्हणजे नोकरी जाणं ही त्याच्यासाठी नुसती सजावट होती. मग जागा. इंग्रजी कादंबरीतली नायिका रडायला आली की आपल्या खोलीत जाते आणि दार लावून घेते. तिच्या घरात तसं दार असतं, त्यात लेखिकेची चूक नाही. पण भारतात घडणाऱ्या कादंबरीतली, दोन खोल्यांत पाच माणसं राहतात त्या घरातली मुलगी दार लावून रडायला लागली की मी पेन्सिल उचलते. कुठलं दार, बाई? ती गच्चीवर जाईल, नाहीतर मोरीत नळ सोडून रडेल, आणि बाहेरून आई ओरडेल की पाणी वाया जातंय. हा प्रसंग ज्या लेखकाला सुचतो त्याच्यावर मी पुढची दोनशे पानं विश्वास टाकते.

आणखी एक खोड या पुस्तकांत फार बोकाळली आहे. सोळा वर्षांचा निवेदक समुपदेशकासारखा बोलतो. "मला उमगलं की माझा राग ही खरं तर माझी भीती होती." पन्नासाव्या पानावर ज्याला स्वतःचं इतकं उमगलंय त्याच्याबद्दल उरलेली कादंबरी कशाला? मिलिंद बोकील यांची 'शाळा' (२००४) आठव. नववीतला मुकुंद आपल्याशी बोलतो, बाहेर आणीबाणी चालू आहे. घरातले मोठे काय बोलतात ते तो ऐकतो, त्यातलं त्याला त्याच्या वयाइतकंच कळतं आणि उरलेलं आपल्याला कळतं. निवेदकाला जे दिसत नाही ते वाचकाला दिसतं, या फटीत अशा कादंबरीचा जीव असतो. ती फट किती रुंद आहे आणि लेखकाने ती कुठे घाईने लिंपून टाकली, हे परीक्षणात एखाद्या प्रसंगाने दाखवता आलं पाहिजे. 'शाळा' काही कुमारांसाठी म्हणून निघालेली नव्हती, पण माझ्याकडून ती नववी-दहावीची मुलंच जास्त नेतात.

लिहिण्याबद्दल. तू मराठीत लिहिणार आहेस हे मला सगळ्यात आवडलं, आणि त्यात एक फायदा आहे जो इंग्रजीत लिहिणाऱ्यांना नाही. 'आधी वैरी, मग प्रियकर' हा साचा तुला पाठ असेल. इंग्रजीत ती दोघं पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकमेकांना 'यू'च म्हणतात. मराठीत मनातल्या मनात तो संवाद बोलून बघ: 'तुम्ही'वरून 'तू'वर ती कुठे येईल? कुठल्या पानावर? ती जागा पटकन सापडली तर लेखिकेने जवळीक नीट पिकवली आहे. कुठेच सापडत नसेल, किंवा तिसऱ्या पानापासून 'तू'च वाटत असेल, तर वैर नावापुरतंच होतं. ही युक्ती मी कुठल्या पुस्तकात वाचलेली नाही, अनुवाद तपासता तपासता सापडली. मराठी अनुवादावर लिहिताना तर हे बघायलाच हवं, कारण अनुवादकाला ती जागा ठरवावीच लागते. पुढचा प्रश्न, पात्रं कुठलं मराठी बोलतात. अनुवादातली बहुतेक पोरं पाठ्यपुस्तकातून उठून आल्यासारखी बोलतात. सगळ्यांनी 'काहून बे' म्हणावं असं नाही, पण पंधरा वर्षांचा पोरगा चिडल्यावर "हे मला मुळीच मान्य नाही" म्हणत असेल तर तशी नोंद कर.

इंग्रजीतलं वाक्य उद्धृत करायचं तर स्वतः मराठी कर आणि अनुवाद माझा असं लिही. बऱ्याच कादंबऱ्या 'मी'च्या तोंडून आणि साध्या वर्तमानकाळात असतात. 'मी दार उघडते, तो उभा आहे' असं पानच्या पान मराठीत नाटकाच्या रंगसूचनेसारखं वाटतं. चार-पाच ओळींपुरतं ठीक. त्याहून जास्त उद्धृत करू नकोस, पण एकही ओळ न देता भाषेवर मत देऊ नकोस.

गोष्ट किती सांगायची? तुझ्या परीक्षणातला तीन चतुर्थांश भाग गोष्ट आहे, तो एक चतुर्थांशावर आण. पुस्तकाच्या पहिल्या एक तृतीयांश भागात जे घडतं ते मी मोकळेपणी सांगते, पुढचं शक्यतो सांगत नाही. वर मी गावाचा शेवट सांगितला तो नाव झाकून ठेवलंय म्हणून. नावासकट लिहिताना "निर्णायक प्रसंगी नियम मोडतो" एवढंच.

'फँटसी आपली कुठे?' असं कोणीतरी विचारेलच. तेव्हा थोडा इतिहास खिशात ठेव. मराठी कादंबरीने बाळसं धरलं तेच मुळी 'मुक्तामाला' (१८६१) आणि 'मंजुघोषा' (१८६८) अशा अद्भुत गोष्टींच्या पुस्तकांवर, आणि 'अद्भुतरम्य' हा चांगला शब्दही आपल्या घरात पडून आहे. तो वापर. नागपूरकराला तर फार लांब जायला नको. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी महाल-इतवारीतून काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे गावाची पीडा घेऊन जाणारे मोठे पुतळे, निघतात, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" म्हणत गर्दी मागे धावते आणि शेवटी पुतळा जाळतात. पण हे उदाहरण उठसूट वापरू नकोस. प्रत्येक परदेशी राक्षसिणीला 'आपल्या मारबतीसारखी' म्हणणारी परीक्षणं मी वाचली आहेत, कीव येते. मी ते एकदाच वापरलं. गावावरची पीडा एका मुलीच्या माथी मारून तिला वेशीबाहेर काढतात, अशी ती कादंबरी होती. आपण बांबू-कागदाच्या पुतळ्याला किंमत मोजायला लावतो, त्या गावाने जिवंत पोरीला लावली. तुलना तिथे बसत होती.

आता माझी फजिती. बर्डीवर फुटपाथवरून कमी पैशात घेतलेली प्रत वापरून मी एकदा एका गाजलेल्या मालिकेच्या दुसऱ्या भागावर लिहिलं. नायकाचा गुरू मधेच नाहीसा होतो आणि त्याच्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. मी मोठ्या रुबाबात लिहिलं की लेखकाने मृत्यू दाखवायचं टाळून वाचकाच्या कल्पनेवर सोडला, हे धाडस आहे. छापून आल्यावर अकरावीतल्या एका मुलीने तिची प्रत आणून माझ्या टेबलावर ठेवली. मृत्यू व्यवस्थित होता, सोळा पानांचा. माझ्या बनावट प्रतीत अख्खा एक फॉर्म, म्हणजे एकत्र छापलेल्या सोळा पानांचा गठ्ठा, गायब होता आणि मी पान नंबरही बघितले नव्हते. म्हणून सांगते: परीक्षणासाठीची प्रत खरी घे, वाचनालयातून आण, मैत्रिणीची माग, पण बनावट नको. प्रकाशकाने फुकट पाठवली असेल तर तसं पहिल्याच परिच्छेदात लिही. २०२१ पासून भारतातल्या जाहिरात मानक परिषदेचे नियमही हेच सांगतात, की फुकट वस्तू घेऊन समाजमाध्यमांवर तिच्याबद्दल लिहिलं तर ते उघड करायचं. फुकट प्रतीने मत बदलत नाही असं सगळेच म्हणतात. माझं दोनदा बदललं होतं.

पुस्तकात स्वतःला इजा करून घेणं, अत्याचार, आत्महत्या असं काही असेल तर ते आडून आडून सांगू नकोस, 'संवेदनशील विषय हाताळले आहेत' या वाक्याने कोणालाच काही कळत नाही. काय आहे आणि किती तपशिलात आहे ते सरळ लिही. इथे स्पॉयलरची भीड धरायची नाही. त्याचबरोबर हेही बघ, की लेखक त्या दुःखाला सुंदर करून तर दाखवत नाही ना. मरणाऱ्या मुलीच्या उशाशी मेणबत्त्या आणि कविता असतील आणि तिच्या आईला चार दिवसांत एकही ओळ मिळत नसेल, तर उजवा रकाना खोटा आहे.

तारे? मी देत नाही. तुला द्यावे लागत असतील तर दे, पण लेख लिहून झाल्यावर. आधी तारे ठरवले की लेख त्यांची वकिली करत बसतो.

वाईट पुस्तकाबद्दल तू काही विचारलं नाहीस, पण विचारशील. लाखोंनी खपणाऱ्या परदेशी मालिकेला आणि चंद्रपूरच्या एखाद्या शिक्षकाने पदरमोड करून काढलेल्या पाचशे प्रतींच्या पहिल्या पुस्तकाला मी एकाच आवाजात बोलत नाही. वही मात्र दोघांची एकच. त्या शिक्षकाला पान नंबरासकट चुका कळवल्या तर तो पुढच्या पुस्तकात सुधारतो, असा माझा अनुभव आहे. परदेशी लेखिकेला माझं मराठी परीक्षण कळायची शक्यता शून्य, तिथे मी फक्त माझ्या वाचकाच्या चारशे रुपयांचा विचार करते.

दुसरा खर्डा पाचशे शब्दांच्या आत करून पाठव. 'संघर्ष' हा शब्द काढून टाक, त्या जागी तिने नेमकं काय गमावलं ते घाल. आणि तो शेजारणीच्या हाकेचा प्रसंग तुझ्या प्रतीत कुठल्या पानावर आहे तेही लिही. माझी प्रत सध्या हुडकेश्वरच्या त्या पोराने नेली आहे, आणि दोन आठवडे झाले तरी परत आलेली नाही.